दुसरी जांभई

डॉक्टरीणबाई ‘गाठ’ म्हणाल्या आणि आमच्या ह्यांनी जांभई दिली. साधीसुधी नाही, चांगली जबडा फाकवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर थांबलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, म्हणजे निदान कुणालातरी वाटावं की उशीर झालाय, माणूस दमलाय. सकाळचे साडेदहा वाजले होते. ‘काढावी लागेल,’ त्या पुढे म्हणाल्या, ‘काढून तपासायला पाठवू. काय आहे ते त्यानंतरच सांगता येईल. येता सोडून पुढच्या सोमवारी करून टाकू.’ आणि ह्यांनी दुसरी दिली. या खेपेला तोंडावर हात होता, पण हातामागून आवाज आला तो आलाच, दार उघडताना बिजागरी कुरकुरते तसा. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून कसंनुसं हसल्या. ते हसू मला गाठीपेक्षा लागलं. माझ्या डाव्या बाजूला, छातीत, वाटाण्याएवढं काहीतरी बसलेलं, आणि सव्वीस वर्षांचा माझा सोबती शेजारच्या खुर्चीत पेंगतोय! मी म्हटलं, ‘ह्यांची काल रात्रपाळी होती.’ खोटं बोलले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला कसली आलीय रात्रपाळी? पण सव्वीस वर्षांत हे वाक्य माझ्या जिभेवर इतकं बसलंय की विचार करावा लागत नाही.

बाहेर रस्त्यावर मी पुढे आणि हे मागे. मला चालायचं नव्हतं, पाय आपोआप पडत होते, भराभर. असं माझं नेहमीचंच. काही वाईट कानावर आलं की पोटात आधी गार पडतं, मग तोंड कोरडं होतं, आणि मग कुठून कोण जाणे, अंगात बळ येतं. चार बायांचं बळ. लेक पाच वर्षांची असताना झोक्यावरून पडली होती, कपाळाला खोक पडली, तर तिला उचलून मी दवाखान्यापर्यंत पळत गेले होते, मधे कुठे थांबले नाही, टाके घालताना तिला घट्ट धरून ठेवलं, डॉक्टरांना म्हटलं एक टाका नीट पडला नाहीये. हो, डॉक्टरांना! धंदाच माझा रफूचा, सांगणारच. आणि दुसऱ्या दिवशी मला पाण्याचा तांब्या उचलेना. हात नुसते लोंबत होते. लेक बरी होऊन उड्या मारत होती आणि मी अंथरुणात. तेव्हाही हे काय करत होते? टाके घालताना दाराशी उभे राहून जांभया देत होते. एकामागून एक. परिचारिकेनं खुर्ची दिली त्यांना, बसा म्हणाली, दमलेले दिसता. मी मनात म्हटलं, अगं त्यांना खुर्ची कसली देतेस, पलंग दे.

‘चहा घेऊ या का?’ मागून हे म्हणाले. मी वळलेसुद्धा नाही. ‘घरी जाऊन झोप पुरी करा आधी,’ म्हटलं. मागून त्यांच्या बुटांचा आवाज येत राहिला, माझ्या पावलाला पाऊल जुळवायचा प्रयत्न करत, मधेच चुकत.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले. फळ्या घासल्या. डब्यांची झाकणं घासली, झाकणांच्या आतल्या कडा जुन्या ब्रशनं घासल्या. ओट्यामागच्या फरशीच्या फटीत बोट घालून बघितलं तर तिथं मळ होता, मग सुई आणली आणि सुईनं तो काढत बसले. वाटाण्याएवढी गाठ मला काढता येत नव्हती, फटीतला मळ येत होता. हे दारात उभे होते. ‘मी करू का काही?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘तुम्ही काय कराल?’ वाईट बोलले मी. ते बोलणं आत्ता आठवलं तरी जीव थोडा थोडा होतो. पण तेव्हा मला वाटत होतं, की मी मेले तरी हा माणूस शेजारी उभा राहून जांभई देईल आणि आलेल्या लोकांना चहा विचारेल.

नंतरचे आठ दिवस मी दुकानात जे काम केलं ते बघून मालकीणबाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला. आमचं दुकान अरुंद, तीन माणसं आत आली की चौथ्यानं पोट आत घ्यावं, आणि काचेजवळ माझं टेबल. कसर लागलेले कोट, सिगारेटनं भोक पडलेल्या पँटी, कुणाच्या आजोबांचं लोकरीचं जाकीट. कापडाच्या आतल्या कडेचेच धागे काढायचे आणि भोकावर एकेक उभा, एकेक आडवा विणायचा, की बघणाऱ्याला भोक कुठं होतं ते सांगता येऊ नये. डोळे फुटायची पाळी येते. पण त्या आठवड्यात सुईत दोरा पहिल्या झटक्यात जात होता. हात थरथरत नव्हते. मीच माझ्या हातांकडे बघत होते, की बाई, हे कुणाचे? रात्री झोप धड लागत नव्हती, पोटात चार घास जात नव्हते, आणि सकाळी पुन्हा अंगात तेच बळ. मला त्या बळाची भीती वाटायला लागली. उसनं आणलेलं असतं ते, आणि एक दिवस परत मागायला येतं, हे मला ठाऊक होतं.

सुई चालत राहिली की डोकं मोकळं फिरतं. माझं डोकं एकच काम करत होतं, ह्यांच्या जांभया मोजायचं. पहिलीवहिली तर आमची पहिल्यांदा भेट झाली तेव्हाचीच. ताईच्या घरी, समोरासमोर खुर्च्या, मी विचारलं, ‘तुम्ही नक्की काय काम करता?’ आणि उत्तराऐवजी जांभई. ताईला हसू आवरेना, ती आत पळाली. मी मात्र म्हटलं, माणूस साधा दिसतोय, ढोंग येत नाही याला. हेच मला आवडलं, आता काय सांगू! मग बाळंतपणाच्या वेळी, मला आत नेत होते तेव्हा. मग माझे वडील गेले त्या दिवशी. सासूबाई गेल्या तेव्हा तर घरात माणसं बसलेली, हे मधोमध, आणि दर दोन मिनिटांनी तोंड उघडं. ताईनं माझ्या कानाशी येऊन विचारलं होतं, ‘स्वतःची आई गेली ना गं याची?’ मी म्हटलं, ‘रात्रपाळी होती.’ ताई म्हणाली, ‘तुझ्या नवऱ्याला देवानं काळजाच्या जागी उशी दिलीय.’ या वाक्यावर आम्ही दोघी पुढे कितीतरी वर्षं हसलो. दुकानात बसून आठवलं तेव्हा हसू आलं नाही. मला वाटलं, खरंच असेल तर? उशीच असेल तर? लेक दूर, आपल्या संसारात. तिला मी अजून सांगितलंही नव्हतं. सोमवारी शुद्धीवर आल्यावर मला जो चेहरा दिसणार, तो कुणाचा असावा, एवढंच मला ठरवायचं होतं, आणि ते माझ्या हातात होतं.

म्हणून मी ताईला फोन केला. सोबत तू ये म्हटलं. आणि संध्याकाळी ह्यांना सांगितलं, जेवताना, ताटाकडे बघत. ‘सोमवारी ताई येणार आहे माझ्याबरोबर.’ हे म्हणाले, ‘मी रजा टाकलीय.’ ‘कशाला? तिथं नुसती बाकडी असतात. पाठ धरेल तुमची. झोपायला नीट जागा नाही.’ ह्यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मी बघत होते, ओठ हलले, शब्द अगदी दाताशी आला असावा, आणि त्या शब्दाच्या जागी जांभई आली. लांबलचक. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते ह्यांनी मनगटानं पुसलं. मी ताट उचललं आणि उठले. नळाखाली भांडी इतक्या जोरात घासली की वाटीला पोचा आला. मागून ह्यांचा आवाज आला, ‘तुला जसं बरं वाटेल तसं.’ बास. एवढंच. हे भांडले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला. त्यांनी दिलेल्या ऑपरेशनच्या फॉर्मवर नुसती ताईची सही चालणार नाही, नवऱ्याचीही लागेल, आणि आज पाचच्या आत आणून द्या. मी फॉर्म पिशवीत घातला, हिरवा कोट चढवला आणि निघाले. हे कुठल्या इमारतीत काम करतायत ते माहीत होतं, जुनी सहामजली, टपाल कार्यालयाच्या मागची. सव्वीस वर्षांत ह्यांच्या कामाच्या जागी मी कधी पाय ठेवला नव्हता. डबा दिला, कपड्यांवरचं ग्रीस काढलं, पण हा माणूस दिवसभर कुठं उभा असतो, कशावर उभा असतो, ते काही बघितलं नव्हतं. दुकानात कोट यावा आणि माणूस येऊ नये, तसं.

आत गेले. मधोमध लिफ्टची जागा, तिला चहूबाजूंनी लोखंडी जाळी, आणि जाळीला वळसे घालत वर जाणारा जिना. असल्या जुन्या लिफ्ट आता कमी झाल्यात. तळाला जाळीचं दार उघडं, दारात लाल पट्टी बांधलेली, आणि खालच्या खड्ड्यात एक म्हातारा कंबरेएवढा उभा, डोक्याला दिवा बांधलेला. मी ओळखलं. ह्यांचा जुना जोडीदार, ज्याला सगळे मामा म्हणतात, लेकीच्या लग्नात यानंच सगळ्यांना हसवलं होतं. ‘वहिनी! तुम्ही इकडं कुठं?’ मामा म्हणाला. मी म्हटलं, ‘सही हवी होती ह्यांची.’ ‘वर आहे. चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या डब्याच्या टपावर.’ मी मान वर केली. जाळीच्या आत काळोख, काळोखात लोंबणारे दोर, आणि खूप वर एक पिवळा दिवा हलत होता. त्या दिव्याच्या मागं माझा नवरा होता. खाली चार मजल्यांची पोकळी, आणि तो एका हलत्या पेटीच्या छपरावर उभा. मी पिशवी छातीशी धरली.

तेवढ्यात वरून तो आवाज आला. त्या विहिरीसारख्या जागेत घुमून, मोठा होऊन आला, पण मी हजार आवाजांत ओळखेन. जांभई. मी लाजेनं लाल झाले. म्हटलं, इथंसुद्धा? पण मामा हसला नाही. मामानं मान वर केली आणि हात त्या खड्ड्यातल्या लाल बटणाकडे नेला. नुसता ठेवला, दाबला नाही. ‘एक,’ तो स्वतःशी म्हणाला. आणि मग दुसरी आली. मामानं बटण दाबलं, खटकन. वरचा घरघर आवाज बंद पडला. ‘दुसरी! दुसरी झाली!’ मामा वर तोंड करून ओरडला. ‘मशीनला हात लावू नका कुणी! सगळे जागच्या जागी!’ सगळ्यात वर, मशीनच्या खोलीतून, कुणीतरी ‘थांबलो’ म्हणून ओ दिली. जिन्यानं उतरणारी एक बाई घाबरून कठड्याला चिकटली.

‘काय झालं, मामा?’ मी विचारलं. मामा खड्ड्यातून बाहेर येत म्हणाला, ‘काही नाही, वहिनी. घाबरू नका. हा घाबरला की जांभई देतो. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्हाला माहीतच असेल.’ तो आपला सांगतच राहिला, एका पायरीवर बूट ठेवून, नाडी बांधत. ‘आधी आम्ही चेष्टा करायचो. कुंभकर्ण म्हणायचो. मग एकदा त्यानं लागोपाठ दोन दिल्या आणि अर्ध्या मिनिटात वरचा ब्रेक सुटला. मी खाली होतो. त्यानं मला कॉलर धरून ओढलं म्हणून आहे. त्यानंतर आणखी दोनदा तसंच. कानाला काहीतरी वेगळं ऐकू येत असेल त्याच्या, का पायाला कळतं, देव जाणे. त्याचं त्यालाही माहीत नसतं, अंगाला आधी कळतं. म्हणून नियम केला. एकीला लक्ष ठेवायचं, दुसरीला बंद करायचं. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवतो आम्ही. अठरा वर्षांत एकाला खरचटलं नाही. तो लाजतो हो त्याबद्दल, बोललेलं आवडत नाही त्याला. बसा तुम्ही, आम्ही सगळं तपासून घेतो.’

मी पायरीवर बसले. जाळीच्या आत वर खाली दिवे हलत होते, माणसं एकमेकांना शब्द टाकत होती, ‘दोर बघ’, ‘बघितला’, ‘पुन्हा बघ’. आणि माझ्या डोक्यात सव्वीस वर्षांच्या जांभया एकेक करून उलटी बाजू दाखवत होत्या. टाके घालताना दाराशी. बाळंतपणाच्या वेळी. स्वतःच्या आईच्या अंगावर चादर घालताना. पहिल्या भेटीत, समोरच्या खुर्चीत! अरे देवा, मला घाबरला होता हा माणूस. आणि मग एकाएकी आठवलं. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. तळ्यावर नावेत बसलो होतो, वारा सुटला, नाव डुचमळायला लागली, आणि ह्यांनी जांभई दिली. मी विचारलं, ‘कंटाळा आला माझा?’ तेव्हा ह्यांनी सांगितलं होतं. सांगितलं होतं! मान खाली घालून, हळू आवाजात, ‘मला भीती वाटली की असं होतं.’ आणि मी इतकी हसले, इतकी हसले की नावाडी वळून बघायला लागला. ‘म्हणजे वाघ समोर आला तर घोरायलाच लागाल!’ असं म्हणाले मी. मला तो विनोद फार आवडला होता. घरी आल्यावर ताईला सांगितला, शेजारणीला सांगितला. ह्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. जिथं वाघ होते तिथं यांच्या अंगाचं ऐकून माणसं जीव वाचवत होती, आणि घरात मी ‘रात्रपाळी’ म्हणून झाकत होते. चूक त्यांची नव्हतीच. भोक मी पाडलं होतं, आणि इतकं बेमालूम रफू केलं होतं की मलाच सापडेना.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मामा हात पुसत आला. वैतागलेला होता. ‘दोर ठीक. ब्रेक ठीक. वजनं ठीक. बोल्टन् बोल्ट बघितला. कुठं काही सापडत नाही.’ डोकं खाजवत तो म्हणाला, ‘अठरा वर्षांत पहिल्यांदा, वहिनी. पहिल्यांदा याची जांभई फुकट गेली.’

मी मान वर केली. चौथ्या मजल्यावरून, जाळीतून, जिन्याचा तळ अगदी स्वच्छ दिसतो. तळाशी उभं राहिलेलं माणूस दिसतं, हिरव्या कोटातलं, जे सव्वीस वर्षांत इथं कधी आलं नव्हतं, ते भर दुपारी, सोमवारच्या आधी, पिशवी छातीशी धरून उभं. ‘नाही, मामा,’ मी म्हटलं, ‘फुकट नाही गेली.’

हे जिन्यानं उतरत आले. दोन दोन पायऱ्या गाळत, चिंधीला हात पुसत. चेहरा पांढरा पडला होता. ‘काय झालं? दवाखान्यातून काही कळवलं का? काय म्हणाल्या त्या?’ मी म्हटलं, ‘काही नाही हो. सही हवी आहे.’ ‘सही?’ ‘सही.’ हे कठड्याला धरून उभे राहिले, आणि एक जांभई आली, मग आणखी एक, आणि मी प्रथमच डोळे वळवले नाहीत. नीट बघितलं. जबड्याजवळची शीर ताठ होते. नाकपुड्या पांढऱ्या होतात. मानेवर, कॉलरच्या वर, काहीतरी धडाधडा उडत असतं. एवढं सगळं चेहऱ्यावर मांडलेलं, आणि मी भिंतीवरची घड्याळं बघत राहिले होते.

‘ताईला फोन करते,’ मी म्हटलं, ‘येऊ नको म्हणून. सोमवारी तुम्ही चला.’ ह्यांनी मान हलवली, दोनदा. फॉर्म मांडीवर घेऊन सही केली तर कागदावर काळा अंगठा उमटला. मग म्हणाले, ‘चल, पाचच्या आत द्यायचाय ना?’ आणि हात पुढे केला.

मी उठायला गेले आणि पाय आलेच नाहीत. आठ दिवस ज्यांनी फळ्या घासल्या, कोट शिवले, ते हात मांडीवर पडून राहिले. दात वाजायला लागले. थंडी नव्हती. ‘मला उठता येत नाहीये,’ म्हणाले मी. हे शेजारी बसले, ग्रीसच्या हातांनी माझे दोन्ही हात धरले, कोटाच्या बाहीला लागलं ते लागू दिलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबवावंसं वाटेना. ‘भीती वाटतेय रे मला,’ मी म्हटलं. रे! सव्वीस वर्षं अहो म्हणणारी मी. तोंडून निघून गेलं, आणि परत घ्यावंसं वाटलं नाही.

‘मलापण,’ तो म्हणाला.

वरून, मशीनच्या खोलीतून, आवाज आला, ‘चालू करायची का लिफ्ट?’

‘थांबा जरा,’ तो ओरडला. ‘आम्ही बसलोय.’